बंदी सगळ्यांना, मुभा स्वतःला

ब्राझीलमधल्या सोडा-सरोवरातून आणि खोल समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळातून मिळालेल्या टुपानव्हायरस नावाच्या अवाढव्य विषाणूचं वर्णन २०१८ साली प्रसिद्ध झालं, आणि त्याच्या जनुकसंचाने भल्याभल्यांना चकित केलं. प्रथिनं बांधायला लागणारी वीस अमिनो आम्लं ट्रान्सफर आरएनएवर चढवणारी वीसही एन्झाइम्स त्याच्या नोंदीत होती. बाकी साधनसामग्रीही बरीच होती. नव्हता तो फक्त रायबोसोम. आजवर सापडलेल्या एकाही विषाणूपाशी तो नाही. प्रथिन जिथे प्रत्यक्ष जुळवलं जातं ते यंत्र प्रत्येक विषाणूला दुसऱ्याचं वापरावं लागतं, मग तो पोलिओचा चिमुकला विषाणू असो की अमीबात वाढणारा हा महाकाय.

यजमान पेशीच्या रायबोसोमवर इतकं अवलंबून असलेल्याने ते यंत्र जपून वापरावं, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेक विषाणू पेशीत शिरल्यावर काही तासांतच तिथलं प्रथिन-उत्पादन जवळजवळ ठप्प करतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींना पोलिओचा विषाणू दिला, तर दोन-तीन तासांत पेशीची स्वतःची प्रथिनं बनणं कोसळतं, आणि त्याच रायबोसोमांवर विषाणूची प्रथिनं मात्र जोमात तयार होऊ लागतात.

नुसतं बंद पाडणं अवघड नाही. एरंडाच्या बियांतलं रिसिन हे विष रायबोसोम सरसकट निकामी करतं, आणि त्यासाठी त्याला फार हुशारी लागत नाही. विषाणूला मात्र बंदी घालताना स्वतःपुरती मुभा राखून ठेवावी लागते. म्हणून या विषयाचा आढावा घेताना प्रत्येक विषाणूला दोन प्रश्न विचारायला हवेत: बंदी कुठे घातली, आणि मुभा कशी ठेवली? पहिल्याचं उत्तर पाठ्यपुस्तकं तपशिलात देतात. माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे, कारण औषधं आणि लशी बनवणाऱ्यांच्या हाती काही लागतं ते बहुतेक वेळा तिथेच.

या बंदीने जीवशास्त्राला दिलेली देणगी आधी सांगायला हवी. टी-२ हा विषाणू ई-कोलाय जिवाणूत शिरला की जिवाणूत नवा आरएनए साठणं थांबतं, हे सेमूर कोहेन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस पाहिलं होतं. पण सगळंच थांबत नव्हतं. १९५६ साली इलियट व्होल्किन आणि लाझारस ॲस्ट्राकन यांना अशा जिवाणूत थोडासा, झपाट्याने बनणारा आणि झपाट्याने मोडणारा आरएनए दिसला, आणि त्याची घडण जिवाणूच्या नव्हे तर विषाणूच्या डीएनएशी जुळत होती. १९६१ साली सिडनी ब्रेनर, फ्रान्स्वा जेकब आणि मॅथ्यू मेसेल्सन यांनी हाच धागा पकडून दाखवलं की विषाणू नवे रायबोसोम बनवत नाही, जुन्याच रायबोसोमांना नवा निरोप देतो. मेसेंजर आरएनए प्रयोगात पकडला गेला तो असा. यजमानाचा गलका थांबला होता म्हणून निरोप ऐकू आला.

आता पेशीची रीत. आपल्या पेशीतल्या जवळजवळ प्रत्येक मेसेंजर आरएनएच्या सुरुवातीला रसायनाची एक विशिष्ट ‘टोपी’ असते आणि शेवटी ॲडेनिनचं लांब शेपूट. टोपी ओळखणारं प्रथिन ईआयएफ-४ई, शेपटीला चिकटणारं पीएबीपी, आणि या दोघांना धरून रायबोसोमचा छोटा भाग बोलावून आणणारं मध्यस्थ प्रथिन ईआयएफ-४जी. रायबोसोम टोपीपाशी बसतो, आरएनएवरून पुढे सरकतो आणि सुरुवातीची खूण दिसली की काम सुरू करतो. या टोपीचा शोधही १९७५च्या सुमारास मुख्यतः विषाणूंच्याच आरएनएवर लागला. रिओव्हायरस, व्हॅक्सिनिया आणि व्हीएसव्ही हे त्यातले प्रमुख, आणि व्हीएसव्हीवरच्या कामात अमिय बॅनर्जी आघाडीवर होते.

टोपीचं महत्त्व कळलं आणि पोलिओचं कोडं उभं राहिलं. १९७६ साली स्पष्ट झालं की पेशीत वाचल्या जाणाऱ्या पोलिओच्या आरएनएला टोपीच नसते. टोपीशिवाय रायबोसोम त्याच्यावर बसतो कसा? १९८२ साली एली एरनफेल्ड यांच्या गटाने बंदीची बाजू उलगडली: संसर्ग झालेल्या पेशींत ईआयएफ-४जीचे तुकडे झालेले दिसले. पुढे कळलं की ही कात्री पोलिओच्या २ए या प्रोटिएजची. मध्यस्थच कापला गेला की टोपीवाल्या आरएनएकडे रायबोसोम पोहोचत नाही. मुभेची बाजू उलगडायला १९८८ उजाडलं. मॉन्ट्रियलमध्ये जेरी पेलेटिये आणि नाहुम सोनेनबर्ग यांनी पोलिओच्या आणि एकार्ट विमर यांच्या गटाने ईएमसीव्ही या त्याच्या चुलतभावाच्या आरएनएत एक घडीदार भाग दाखवला, जिथे रायबोसोम टोपीला वळसा घालून थेट आत बसतो. त्याला आयआरईएस म्हणतात. खरी चलाखी याच्याही पुढची आहे. कापलेल्या ईआयएफ-४जीचा मोठा तुकडा टोपी पकडणाऱ्या भागापासून सुटलेला असतो, म्हणून पेशीला तो निरुपयोगी. पण पोलिओच्या आयआरईएसला तेवढाच तुकडा पुरतो. एकाच घावात बंदीही आणि मुभाही.

मामला इतका सुटसुटीत असता तर बरं झालं असतं. विषाणूची संख्यावाढ रसायनाने रोखून धरली, तर ईआयएफ-४जी जवळजवळ पूर्ण कापलं जाऊनही पेशीचं उत्पादन निम्म्याच्या आसपासच घटतं, असं १९८७ मध्ये दिसलं. म्हणजे ही कात्री पुरेशी नव्हती. १९९८ साली या प्रथिनाचं दुसरं रूप हाती आलं. ते उशिरा कापलं जातं, आणि उत्पादन पूर्ण थांबण्याची वेळ त्याच्याशी जास्त जुळते. शिवाय पोलिओ पीएबीपीही कापतो आणि केंद्रकातलं आरएनए-लेखनही बंद पाडतो. एका विषाणूची एकच युक्ती असते ही समजूत या क्षेत्रात बराच काळ टिकली, आणि बहुतेक प्रत्येक विषाणूच्या बाबतीत ती चुकीची ठरली.

आयआरईएसची गोष्ट आपल्या घराघरात पोहोचलेली आहे, फक्त त्या नावाने नाही. अल्बर्ट सेबिन यांच्या तोंडाने देण्याच्या लशीत, म्हणजे लहान मुलांना पाजल्या जाणाऱ्या पोलिओच्या थेंबांत, विषाणू जिवंत पण दुबळा असतो. त्याला दुबळं करणारे बदल एकापेक्षा जास्त आहेत. त्यातला एक तिन्ही प्रकारांत नेमका आयआरईएसमध्ये आहे: पहिल्या प्रकारात ४८०व्या अक्षरावर, दुसऱ्यात ४८१व्या आणि तिसऱ्यात ४७२व्या. या एका अक्षरामुळे घडी सैल होते आणि विषाणूची प्रथिनं कमी बनतात. मज्जापेशींसारख्या पेशींत तर फारच कमी. सेबिन यांनी हे ठरवून केलं नव्हतं. प्राण्यांत आणि पेशींत विषाणू वाढवत त्यांनी दुबळे वाण निवडले, आणि त्यात आयआरईएसला बसलेला धक्का अनेक वर्षांनी जनुकक्रम वाचल्यावर कळला. लशीची कमजोरीही तीच. तिसऱ्या प्रकारातलं ४७२वं अक्षर लस घेतलेल्या बाळाच्या आतड्यात काही दिवसांत मूळ पदावर येतं. दुसऱ्या प्रकारचा लशीतला विषाणू लसीकरण कमी असलेल्या वस्त्यांत फिरत राहून पुन्हा लकवा आणू लागला, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये जगभर तो नेहमीच्या थेंबांतून काढण्यात आला. त्याचे उद्रेक आवरण्यासाठी बनवलेल्या नव्या लशीत आयआरईएसचा हाच भाग अशा रीतीने नव्याने रचला आहे की एका अक्षराच्या उलटफेराने तो मूळ पदावर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये तिला आणीबाणीच्या वापरासाठी यादीत घेतलं. भारतात पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत ज्यात येतो तो जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या मोहिमेतल्या थेंबांत विषाणूच्या मुभेला बसलेला हा धक्का होता.

मुळात विषाणू एवढा खटाटोप करतो कशासाठी? जुनं उत्तर सरळ होतं: रायबोसोम मोकळे व्हावेत आणि सगळे आपल्या कामाला लागावेत. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आपल्या शेतकऱ्यांना चांगल्या ओळखीच्या असलेल्या लाळ्या-खुरकूत रोगाने दिला. या रोगाचा विषाणू पोलिओच्याच कुळातला, आणि तोही ईआयएफ-४जी कापतो, पण स्वतःच्या वेगळ्या लीडर प्रोटिएजने. १९९५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या प्रोटिएजचं जनुक काढून टाकलेला विषाणू बनवला. रायबोसोमांची टंचाई हीच अडचण असती तर तो सगळीकडे सारखाच रखडला असता. तसं झालं नाही. इंटरफेरॉन धडपणे न बनवणाऱ्या बीएचके पेशींत तो चांगला वाढला. गुराढोरांत मात्र तो लुळा पडला. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी शोधलेलं इंटरफेरॉन म्हणजे संसर्ग झालेल्या पेशीने शेजाऱ्यांना दिलेला इशारा, आणि हा इशाराही प्रथिनच असतो. तो रायबोसोमवरच बनावा लागतो. पेशीचं उत्पादन बंद म्हणजे इशारा बंद. माझ्या वाचनात आलेल्या पुराव्यांचा कल स्पष्टपणे याच बाजूला आहे: रायबोसोम हडपणं हा फायदा असेल, पण बंदीचा मुख्य उपयोग पेशीला गप्प करण्याचा.

तरीही एक प्रयोग या निष्कर्षाला सरळ होऊ देत नाही. इन्फ्लुएन्झाचा विषाणू पेशीच्या नव्या मेसेंजर आरएनएच्या टोप्या त्यांच्यामागच्या दहा-तेरा अक्षरांसकट कापून पळवतो आणि आपल्या आरएनएवर चढवतो. १९८१ साली रॉबर्ट क्रुग यांच्या गटाने ही टोपीचोरी दाखवली, आणि २००९ मध्ये कापणारा भाग पीए या प्रथिनात असल्याचं निश्चित झालं. मुभा इथे चोरीच्या टोपीची आहे. बंदीचं काम एनएस-१ हे प्रथिन करतं. ते पेशीच्या आरएनएला शेपूट लावण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणतं. २०१२ मध्ये पीएच्याच जनुकातून रायबोसोम एक अक्षर घसरल्याने बनणारं पीए-एक्स नावाचं आणखी एक प्रथिन सापडलं, जे पेशीच्या आरएनएचा फडशा पाडतं. संशोधकांनी १९१८च्या साथीच्या विषाणूतून हे पीए-एक्स काढून टाकलं, तेव्हा उंदरांचा आजार सौम्य होण्याऐवजी जास्त गंभीर झाला. बंदी उठल्यावर यजमानाची प्रतिक्रिया बेफाम झाली आणि तिनेच उंदराला जास्त इजा केली. विषाणूचं एखादं हत्यार काढून घेतलं की रोगी सुधारतो, असं गृहीत धरता येत नाही.

टोपी कापणाऱ्या भागावर मात्र औषध निघालं. बॅलोक्साव्हिर पीएची कात्री बोथट करतं. जपानमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि अमेरिकेत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याचा नेम आहे तो मुभेवर.

नागिणीच्या कुळातल्या हर्पीस सिम्प्लेक्सची मुभा इतकी नेटकी नाही. त्याचं व्हीएचएस हे प्रथिन विषाणूच्या कणाबरोबरच पेशीत शिरतं आणि विषाणूचं एकही जनुक चालू होण्याआधी मेसेंजर आरएनए कापत सुटतं. आपला-परका हा भेद त्याला नीट कळत नाही, त्यामुळे विषाणूचे स्वतःचे निरोपही कापले जातात. नवे निरोप भराभर बनवत राहणं आणि नंतर व्हीएचएसला वेसण घालणं, एवढ्यावर तो निभावतो. देवीच्या कुळातला व्हॅक्सिनिया आरएनएच्या टोप्या उडवतो. रोटाव्हायरसचं एनएसपी-३ पीएबीपीची जागा बळकावतं. ॲडेनोव्हायरस ईआयएफ-४जीपासून त्याचं नियंत्रक एन्झाइम दूर करतो. युक्त्या निराळ्या, पण घाव पुन्हा पुन्हा त्याच दोन-तीन जागी पडतो.

कोविडच्या विषाणूने या क्षेत्राला अभूतपूर्व वेग दिला. एनएसपी-१ हे त्याचं अवघ्या १८० अमिनो आम्लांचं प्रथिन. पहिल्या सार्सच्या विषाणूतल्या एनएसपी-१चा उपद्रव २००६ पासून माहीत होता. २०२० मध्ये म्युनिक आणि झुरिचच्या गटांनी क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो प्रत्यक्ष दाखवला: एनएसपी-१चं टोक रायबोसोमच्या छोट्या भागातल्या, मेसेंजर आरएनए जिथून सरकतो त्याच बोळात शिरून बसतं. २०२१ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या नोआम स्टर्न-गिनोसार यांच्या गटाने पेशीतलं पूर्ण चित्र मांडलं. एकूण भाषांतर घटतं, पेशीचे मेसेंजर मोडतात, आणि केंद्रकातून नवे मेसेंजर बाहेर येण्यातही खोळंबा होतो. मग रायबोसोमचा बोळ बुजलेला असताना विषाणूचे निरोप कसे वाचले जातात? प्रत्येक विषाणू-आरएनएच्या सुरुवातीला सुमारे सत्तर अक्षरांचा सारखाच तुकडा असतो आणि त्यातली पहिली छोटी घडी त्याला एनएसपी-१पासून वाचवते. तिला नेमकी चिकटणारी कृत्रिम आरएनए-सदृश रेणूची पट्टी वापरली की विषाणूची सवलत जाते आणि तो आपल्याच बंदीत अडकतो, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. औषधाच्या दुकानापर्यंत हे अजून आलेलं नाही. पण मुभेवर नेम धरण्याचं याहून देखणं उदाहरण मला ठाऊक नाही.

आतापर्यंत बंदी घालणारा विषाणूच होता. वास्तविक पेशीही स्वतःहून उत्पादन बंद करते. विषाणू वाढताना दुहेरी आरएनए बनतो, पीकेआर हे प्रथिन तो ओळखतं आणि ईआयएफ-२ला फॉस्फेट चिकटवून प्रथिन-उत्पादनाची सुरुवातच थांबवतं. कदाचित स्वतः मरेन, पण विषाणू माझ्यात वाढणार नाही, असा हा हिशेब. त्यामुळे बंदीत तरबेज असलेले विषाणू ही दुसरी बंदी उठवण्यातही तरबेज असावे लागतात. ॲडेनोव्हायरस छोटे आरएनए सोडून पीकेआरला भुलवतो, व्हॅक्सिनिया दुहेरी आरएनए झाकतो, हर्पीसचं आयसीपी-३४.५ प्रथिन चिकटवलेलं फॉस्फेट परत काढायला लावतं. हे जनुक काढून टाकलेला हर्पीस निरोगी पेशींत धड वाढत नाही. पण अनेक कर्करोगी पेशींची ही संरक्षण-व्यवस्था मोडलेली असते, आणि तिथे तो वाढतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेलं टी-व्हेक हे औषध या तत्त्वावर बेतलेलं आहे. कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांच्या, कोविडच्या लशींत वापरल्या गेलेल्या बदललेल्या आरएनएच्या यशामागेही पीकेआरचा वाटा आहे: २०१० मधल्या त्यांच्या कामात दिसलं की स्यूडोयुरिडिन घातलेला आरएनए पीकेआरला फारसा चाळवत नाही, म्हणून त्यातून प्रथिन जास्त बनतं. त्यांच्या मूळ शोधासाठी दोघांना २०२३चं नोबेल मिळालं.

सगळेच विषाणू बंदी घालत नाहीत, हेही नोंदवायला हवं. मानवी सायटोमेगॅलोव्हायरस शरीरात आयुष्यभर ठाण मांडतो आणि संसर्गकाळात पेशीचं प्रथिन-उत्पादन चालूच ठेवतो. हेपॅटायटिस-सीकडे आयआरईएस आहे, पण पोलिओसारखी कात्री तो चालवत नाही. काही दिवसांत उरकून निघून जाणारे बंदी घालतात आणि मुक्काम करणारे सांभाळून घेतात, असा ढोबळ नियम सांगितला जातो. त्याला अपवाद आहेत, हर्पीस हा त्यातला ठळक.

शेवटी महाराष्ट्राच्याच नावाचा एक विषाणू. १९६५ साली नागपूर भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, चांदीपुरा विषाणू वेगळा केला. तो व्हीएसव्हीचा जवळचा नातेवाईक. व्हीएसव्हीचं एम प्रथिन केंद्रकाच्या दारातल्या आरएई-१ आणि न्यूप-९८ या जोडीला धरून ठेवतं, त्यामुळे पेशीचे नवे मेसेंजर केंद्रकाबाहेरच पडत नाहीत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चांदीपुराच्या एम प्रथिनानेही हीच वाहतूक अडवलेली दिसली. मुभेसाठी या कुळाला काहीच करावं लागत नाही, कारण त्याचे मेसेंजर केंद्रकाबाहेर पेशीरसातच बनतात आणि त्या दाराशी त्यांचा संबंध येत नाही. अडवावी अशी घडी नाही, चोरलेली टोपी नाही. इथे नेम धरायचा तर बंदीवरच, म्हणजे एम प्रथिनाच्या पकडीवर, धरावा लागेल, आणि ती पकड नेमकी कशी बसते याचा व्हीएसव्हीमधला आराखडा २०१४ पासून उपलब्ध आहे. २००३ साली आंध्र प्रदेशात आणि महाराष्ट्रात, २०२४ साली गुजरातेत सँडफ्लायच्या चाव्यातून पसरणाऱ्या या विषाणूने लहान मुलांचे बळी घेतले. पहिला नमुना वेगळा केल्याला साठेक वर्षं झाली, तरी चांदीपुरावर मान्यताप्राप्त लस नाही आणि नेमकं औषधही नाही.